राखाडी दोऱ्याची सुई

शिवणकाकूंनी सुया तिसऱ्यांदा मोजल्या. अकराच भरल्या.

हिशेब जुळला नाही की माणूस आधी डोळ्यांना दोष देतो. काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला आणि एकेका सुईवर बोट ठेवून बालवाडीतल्या मुलासारखं मोठ्यानं मोजलं. लाल दोऱ्याच्या दोन, पिवळ्याच्या दोन, निळ्याच्या दोन, पांढऱ्याच्या दोन, काळ्याच्या दोन. राखाडी दोऱ्याची एक. सुयांच्या उशीवर तिच्या शेजारी नुसतं बारीकसं भोक होतं.

त्या उशीची एक पद्धत होती आणि ती काकूंची स्वतःची होती. डोळे कमी झाल्यापासून दुपारनंतर त्यांना सुईचं नेढं दिसायचं नाही. ही गोष्ट त्यांनी नवऱ्याला सांगितली नव्हती, मुलीला तर नाहीच नाही. सकाळी नऊच्या सुमाराला खिडकीत चांगलं ऊन यायचं, तेवढ्या वेळात त्या बारा सुयांतल्या रिकाम्या झालेल्यांत दोरा ओवून उशीवर रांगेनं टोचून ठेवायच्या. मग दिवसभर काम चालायचं. एका सुईतला दोरा संपला की दुसरी उचलायची, ओवायची कटकट नाही. युक्ती झकास होती. फक्त एक सुई हातातून कुठे राहून गेली तर ती राहिली हे कळायला काही मार्ग नव्हता, कारण दुसरी तयारच असायची.

राखाडी दोरा त्यांनी या महिन्यात एकाच गोष्टीला वापरला होता. हत्तीला. आणि हत्ती रविवारी सात महिन्यांच्या नातवाच्या हातात गेला होता.

काकूंनी उशी उलटी करून झटकली.

खरं तर ही खोली म्हणजे त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात उशिरा आलेली मजा होती. सव्वीस वर्षं त्यांनी लहान मुलांच्या कपड्यांच्या कारखान्यात मशीन चालवलं. सव्वीस वर्षं कॉलर. नुसती कॉलर! अख्खा फ्रॉक आपल्या हातून पुरा झालेला त्यांनी कधी पाहिला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे एक टेबल मागितलं. नवरा जुना सुतार, आणि घरात बसून गंजत चाललेला. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून तिच्या खोलीत अडगळ पडली होती. सुतारबुवांनी ती उपसली, एका जुन्या दारावर रंधा मारून त्याचं टेबल केलं, बटणं गडगडून खाली पडू नयेत म्हणून त्याला चहूबाजूंनी बोटभर उंचीची पट्टी मारली आणि भिंतीला कात्र्या टांगायला खुंट्या ठोकल्या. बरण्यांत बटणं गेली, खोक्यांत चिंध्या गेल्या. पहिला ससा झाला तो एका कानानं लांब आणि एका कानानं आखूड. "शेजारच्यांचं ऐकतोय वाटतं," सुतारबुवा म्हणाले, आणि काकू इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

कारखान्यात सुई मोडली तर सगळे तुकडे सापडेपर्यंत नवी सुई मिळत नसे. तुकडे कागदावर चिकटवून दाखवायचे, तोवर अख्खी रांग बंद. एकदा अर्ध्या टोकासाठी आठशे झबली उसवली होती. काकूंना या जाचाचा इतका वीट आला होता की स्वतःच्या खोलीत पहिल्याच दिवशी त्यांनी जाहीर करून टाकलं होतं, "इथे कुणी मोजणार नाही, कुणी विचारणार नाही."

आता विचारायला कुणी नव्हतंच.

"अहो!" त्यांनी हाक मारली. आवाज असा निघाला की सुतारबुवा अर्धी दाढी करून तसेच आले.

पुढचा अर्धा तास दोघांनी खोली उलटीपालटी केली. चटई झटकली, चिंध्या उपसल्या, बुवांनी आपल्या हत्यारांतलं लोहचुंबक आणून जमिनीवरून फिरवलं. त्याला चार टाचण्या, एक खिळा आणि बाटलीचं पत्र्याचं झाकण लागलं.

"तुझ्याच कपड्यांत बघ आधी," बुवा म्हणाले. "काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही तुझी जुनी खोड."

काकूंनी ते ऐकलंच नाही. त्यांना शनिवार आठवत होता. हत्तीची सोंड शिवून होत आली होती. शेवटची गाठ मारली, दोरा कापला, सुईत जेमतेम चार बोटं दोरा उरला होता. तेवढ्यात दाराची घंटी वाजली. उठायचं म्हणून सुई कुठेतरी टोचायला हवी होती. हाताशी काय होतं? कापसानं गच्च भरलेली सोंड.

कापूस सुई गिळतो. वरून दाबलं की ती नेढ्यासकट आत जाते, दिसत नाही. आणि ओढलं, चावलं, पिळलं की टोकाकडून बाहेर येते.

"सोंडेत आहे," काकू म्हणाल्या. "अहो, बाळ सोंडच चोखतं. रविवारी मी डोळ्यांनी पाहिलं. हसत होते मी बघून."

बुवांच्या तोंडचा विनोद तिथेच आटला. त्यांनी मुलीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"तू नीघ," ते म्हणाले. "माझ्या गुडघ्याला ते तीन जिने चढायला अर्धा तास लागेल. मी इथून फोन करत राहतो."

बस मिळाली, जागा मिळाली, आणि काकूंचं डोकं त्यांच्याविरुद्ध कामाला लागलं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. त्यांना बाळाचा ओठ दिसला. मग घसा दिसला. मग दवाखान्यातला पांढरा दिवा आणि त्याखाली खाली मान घालून बसलेली मुलगी. मुलगी रविवारपासून फोनवर आली नव्हती. सोमवारी पाठवलेल्या सशाच्या फोटोला तिनं उत्तर दिलं नव्हतं. कामात असेल, असं काकूंनी धरून चाललं होतं. आता त्या गप्प राहण्याचे नवे नवे अर्थ लागत होते, आणि प्रत्येक अर्थ आधीच्यापेक्षा वाईट होता.

जावयाला फोन करावा का? करायलाच हवा होता. पण जावयाला सांगायचं काय? तुमच्या मुलाला मी सुई चोखायला दिली? काकूंनी तीनदा नंबर काढला आणि तीनदा फोन पिशवीत टाकला. चौथ्यांदा लावला. लगेच उचलला गेला.

"हां, बोला आई!" मागे ऑफिसचा गलका होता. आवाज नेहमीचा, प्रसन्न.

"बाळ बरं आहे ना?"

"मस्त आहे. सकाळी माझा मोजा पळवला त्यानं. का हो, काही काम होतं?"

सांगायची हीच वेळ होती. घरी फोन करा, हत्ती काढून घ्या म्हणावं, एवढंच वाक्य. काकूंनी तोंड उघडलं.

"नाही, सहज," त्या म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःची इतकी किळस आली की शेजारच्या बाईनं विचारलं, "मळमळतंय का हो? खिडकीशी बसता?" त्यांनी मान हलवली. सकाळी बरं होतं, म्हणजे आत्ता बरं असेल असं थोडंच आहे? आणि आपण आपली अब्रू झाकली. पोराच्या जिवापेक्षा जावयासमोरची अब्रू जड झाली. पुन्हा फोन लावला तेव्हा तो उचलला गेला नाही, बैठकीत गेला असेल. उरलेले चार थांबे काकूंनी मनात देवाशी एकच सौदा केला. बाळ धड असू दे, मी खोलीला कुलूप लावते. कात्री विकून टाकते. सुईला पुन्हा हात लावणार नाही.

तीन जिने त्या कशा चढल्या ते त्यांना नंतर आठवलं नाही. दार मुलीनंच उघडलं. तिच्या कडेवर बाळ होतं आणि ते बाळ आजीकडे बघून तोंडभर हसलं. तोंडात रक्त नव्हतं. दोन दात होते.

"हत्ती कुठे आहे?" काकूंनी दारातच विचारलं.

मुलीनं कपाटाच्या माथ्याकडे बोट दाखवलं. हत्ती तिथे, भिंतीकडे तोंड करून बसला होता. काकूंनी खुर्ची ओढली, चढल्या, तो काढला. सोंड दाबली, पिळली, दोन्ही हातांनी चाचपली. काही लागेना. म्हणजे आणखी आत गेली. त्यांनी पिशवीतून कात्री काढली आणि सोंड मुळापासून कापली. कापूस बाहेर आला. पोट फाडलं, पाय फाडले. बाळाला वाटलं खेळ चाललाय, ते टाळ्या वाजवू लागलं.

"त्यात नाही, आई," मुलगी म्हणाली.

"तुला काय माहीत मी काय शोधतेय!"

मुलगी आत गेली आणि औषधाची एक रिकामी डबी घेऊन आली. झाकण फिरवून तिनं ती आईसमोर उपडी केली. टेबलावर सुई पडली. नेढ्यात चार बोटं राखाडी दोरा.

काकू कात्री बाजूला ठेवून खुर्चीवर बसल्या.

"कधी?"

"रविवारीच. तुम्ही दोघं जिना उतरत होतात तेव्हा."

"सोंड त्याच्या तोंडात होती?"

"होती." मुलीचा आवाज कोरडा होता. "मी ओढून काढली तर माझ्याच बोटात घुसली. त्याच्या हिरडीपासून एवढी लांब होती." तिनं दोन बोटांत अंतर दाखवलं. त्या अंतरात तांदळाचा दाणा मावला असता.

काकूंना रडू येत होतं, पण रडायचा आपल्याला हक्क आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

"मग सांगितलं का नाहीस?" शेवटी त्या म्हणाल्या. "तीन दिवस! माझ्याकडे शेल्फवर पाच प्राणी शिवून पडलेत. उद्या दुसऱ्या कुणाच्या पोराला दिला असता म्हणजे?"

"कारण मला तुझ्याशी बोलायचंच नव्हतं!" मुलगी ओरडली. बाळ दचकलं. तिनं आवाज खाली आणला. "फोन वाजला की वाटायचं, उचलला तर तोंडातून काय निघेल माझं मलाच ठाऊक नाही. आणि मी बोलले असते तर तू काय केलं असतंस? खोलीला कुलूप लावलं असतंस. तू आणि बाबा या वर्षात जेवढे हसलात तेवढे मी लहानपणापासून पाहिले नव्हते. मी काय करायचं होतं, सांग ना! रोज रात्री ठरवायचे, उद्या सांगते."

चूक होती तिची, मोठी चूक होती, आणि काकूंना ते ठणकावून सांगायचं होतं. पण बसमधलं 'नाही, सहज' आडवं आलं.

"जावयांना माहीत आहे?"

"नाही."

"संध्याकाळी मी सांगते. तू नाही, मी." काकूंनी मांडीवरचा कापूस गोळा केला. "आणि मला दुपारनंतर नेढं दिसत नाही. वर्ष झालं. हेही सांगून टाकते. कुलूप लावायचं मी ठरवलंच आहे."

तेवढ्यात बाळाच्या लक्षात आलं की हत्तीला तोंडच उरलेलं नाही, आणि त्यानं भोकाड पसरलं. साधंसुधं नाही, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल असं. मुलीनं थोपटलं, फिरवलं, खुळखुळा दाखवला. त्याला हत्तीच हवा होता.

"शिव," मुलगी म्हणाली.

"नाही."

"तू फाडलास, तूच शिव. इथे बस, माझ्यासमोर."

"माझे हात बघ कसे थरथरतायत."

"बघतेय. हातच बघत बसणार आहे."

मुलीनं आपल्या घरातल्या रिळातला दोरा त्याच सुईत ओवला आणि सुई आईच्या हातात दिली. स्वतः बाळाला घेऊन समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसली. काकूंनी कापूस चिमटीचिमटीनं, प्रत्येक चिमूट चोळून आत भरला. टाके वेडेवाकडे पडले. एवढे वाईट टाके त्यांनी उमेदवारीतही घातले नव्हते. मध्येच फोन वाजला, बुवांचा. काकूंचा हात सवयीनं सुई टोचायला सोंडेकडे गेला आणि अर्ध्यावर थिजला. मुलीनं तो पाहिला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मुलीनं नुसता तळहात पुढे केला, काकूंनी सुई त्यावर ठेवली आणि मग फोन उचलला.

"सापडली," त्या म्हणाल्या. "बाळ बरं आहे. बाकीचं घरी आल्यावर सांगते, सगळं सांगते."

पुढे सोंडेची शिवण पुरी झाली, गाठ बसली, दोरा कापला. सुई मुलीच्या मुठीत परत गेली. बाळ दोन्ही हात पसरून हत्तीकडे झेपावत होतं. समोर सुई एकच होती, ती मुठीत होती, हे दोघींना स्वच्छ दिसत होतं. तरीही काकूंनी हत्ती शेपटीपासून सोंडेपर्यंत दाबून पाहिला, मग मुलीकडे दिला. मुलीनंही सगळा दाबून पाहिला आणि पुन्हा आईकडे दिला. बाळ रडत राहिलं, आणि हत्ती आणखी थोडा वेळ त्या दोघींच्याच हातांत फिरत राहिला.