सर्वांत सपाट उतार

"पडायलाच जायचंय ना? मग घरातली फरशी काय वाईट आहे?" सासूबाईंनी लॅपटॉप कोपरानं सरकवला आणि भाजी निवडायला घेतली.

"फरशीवर लागतं आई. बर्फात नाही लागत," नवरा म्हणाला.

"तुला कोण विचारतंय? मी पोरीचं बोलतेय."

त्या त्याचंच बोलत होत्या. त्याच्या पायांतली ताकद चालली आहे. आधी जिन्यात डावं पाऊल अडकायला लागलं, मग उजवं. आता चालताना दोन्ही पावलं पुढून उचलत नाहीत, ओल्या फडक्यासारखी लोंबतात. डॉक्टर भला माणूस, पण आडपडदा नाही. "पुढच्या हिवाळ्याचे बेत आत्ताच नका करू," म्हणाला. म्हणून याच हिवाळ्यात आमच्या टिल्लीला स्कीइंग शिकवायचं आणि तेही त्यानंच, असा त्याचा हट्ट. त्याला त्याच्या बाबांनी शिकवलं होतं. टिल्ली जन्मली तेव्हा तिला नीट न बघताच म्हणाला होता, "हिला मी शिकवणार."

तर आम्ही दोघं शिकाऊंसाठी बरं रिसॉर्ट शोधत बसलो. तो इतकी वर्षं मित्रांबरोबर कड्यांवरून उड्या मारत आलेला, मी खाली बॅगा राखत गरम काहीतरी पीत बसणारी. म्हणजे एकाला सोपं काय असतं ते माहीत नव्हतं आणि दुसरीला काहीच.

राहायच्या खोलीपासून बर्फ जवळ हवा. वर जायला खुर्च्यांची लिफ्ट नको, सरकता पट्टा हवा, त्यावर नुसतं उभं राहिलं की झालं. मधून सराईत लोकांची वाट जाता कामा नये, ते सुसाट येतात. प्रत्येक वेळी आम्ही म्हणायचो, "टिल्लीला बरं पडेल." टिल्ली तर दिवसभर सोफ्यावरून उड्या मारत असते. पण आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

एका रविवारी त्यानं माळ्यावरून जुने स्कीचे बूट काढायला लावले. टणक, नडगीपर्यंत घट्ट आवळणारे. ते घालून तो उभा राहिला आणि पावलं लोंबलीच नाहीत! बुटानंच ती धरून ठेवली. भिंतीला हात न लावता पॅसेजमधून खाडखाड चालत गेला, परत आला. टिल्लीनं टाळ्या पिटल्या. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या, फरशीवर ओरखडे पडताना बघत राहिल्या.

शेवटी दोन ठिकाणं उरली. एकाचा उतार आखूड, जरासा तिरका. दुसऱ्याचा लांबलचक, जवळजवळ ताटासारखा.

"दुसरं," तो म्हणाला. "जितकं सपाट तितकं बरं."

तो बर्फातला जाणता माणूस. मी बुकिंगचं बटण दाबलं.

तिथली पहिली सकाळ लख्ख होती, नाक झोंबेल अशी थंड. टिल्लीला दोन पायांमध्ये घेऊन, काखेत हात घालून तो निघाला. ती किंचाळत होती, तो हसत होता. तसं हसणं मी बऱ्याच महिन्यांत ऐकलं नव्हतं. अर्ध्या वाटेपर्यंत ते आले आणि थांबले.

उतार संपला होता. उंचावरून येणाऱ्याला डोंगरच ओढून आणतो. सपाटीवर मात्र स्वतःला ढकलत न्यावं लागतं, पाय बाजूला रेटून. नेमका तोच रेटा त्याच्या पायांत उरला नव्हता. जन्मभर तो अशा सपाट तुकड्यांवरून वरच्या वेगातच निघून गेलेला. तिथे थांबल्यावर काय होतं, हे त्याला कधी कळायचं कारणच पडलं नव्हतं.

"तू हो पुढे, मी आलोच," त्यानं टिल्लीला सोडलं.

ती फराफरा पाय ओढत गेली. "बाबा, ये ना!"

"आलो, आलो."

मनगटाला लटकवलेल्या काठ्या त्यानं रोवल्या, खांद्यांनी जोर लावला. वीतभर सरकला. मी साध्या बुटांनी धडपडत गेले आणि पाठीला दोन्ही हात लावून ढकलू लागले.

"गाडी बंद पडलीय का गं?" तो म्हणाला. मला हसू येईना. माझ्या तळव्यांना त्याची पाठ थरथरताना कळत होती. मग त्याचे गुडघे दुमडले आणि तो हळूच खाली बसला.

लाल जाकिटातली एक शिकवणारी बाई आली. "पहिलाच दिवस का?" तिनं प्रेमानं विचारलं. "होतं असं. उद्या बघा, पळाल."

तो तिच्याकडे बघत राहिला. "हो," म्हणाला. "पहिलाच दिवस."

तिनं त्याला उठवलं, काठीचं टोक धरायला देऊन कडेपर्यंत ओढत नेलं.

खोलीत त्याचे बूट काढताना मी म्हणाले, "चुकलंच आपलं. त्या पहिल्या ठिकाणी जाऊ या. तिथे उतार तरी आहे."

"आणि थांबवणार कोण? थांबायलाही पाय लागतात." त्यानं पाय मागे घेतला. "बूट राहू दे. त्या बाईंना गाठून येतो."

तो एकटाच गेला. दुपारी टिल्ली लाल जाकिटामागे सरकत्या पट्ट्यावर उभी होती. आम्ही दोघं काचेआड.

रात्री जेवताना टिल्लीचं तोंड बंद होईना. "बाई म्हणाल्या, हात गुडघ्यांवर ठेवायचे."

घरी पॅसेजमध्ये तो तिला रोज घोकायला लावायचा, हात पुढे, ट्रे धरल्यासारखे. चमचा त्याच्या हातात थांबला.

"मग तसेच ठेव."

"पण तू तर म्हणायचास पुढे धरायचे."

"मी म्हणत होतो. आता बाई सांगतील तसं करायचं."

"दाखवू?"

"दाखव."

ती खुर्चीवरून उतरली, वाकून दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले आणि मोजे घातलेल्या पायांनी गुळगुळीत जमिनीवरून घसरत घसरत पार दारापर्यंत गेली.

"शाब्बास," तो म्हणाला. "आणखी लांब जा."