तिसरं बोट

संपानंतर रेल्वे कंपन्यांनी संपकऱ्यांची काळी यादी काढली, त्यांना कुठेच काम मिळू नये म्हणून. त्यात माझ्या नवऱ्याचं वर्णन इतकं बारकाईनं लिहिलं होतं, की एवढं निरखून त्याला मीही कधी पाहिलं नव्हतं. कॉर्नेलियस हॅनराहन, बुटका, तांबड्या केसांचा, डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नाही.

नाव आम्ही बदललं. केस अक्रोडाच्या साली उकळून काळे केले. माझ्या उशांचे अभ्रे खराब झाले, पण तो बरा दिसायला लागला. हाताचं मात्र काय करणार?

मालगाडीच्या वाघिणी जोडणाऱ्यांची बोटं जायचीच. एक वाघीण उभी, दुसरी येऊन तिच्यावर आदळणार, आणि माणसानं मधे राहून लोखंडी कडीत खीळ घालायची. हात काढायला जरा उशीर झाला की संपलं. दहाच्या दहा बोटं घेऊन कुणी काम मागायला आला, तर मुकादम त्याला नवशिका म्हणून हाकलायचा. म्हणजे बोटं तुटलेली हवीत, पण नेमकी माझ्या कॉर्नीची तुटली होती तेवढी नकोत.

शिकागो सोडून आम्ही टोलेडोला आलो, तोवर तीन रेल्वे यार्डांतून त्याला घालवून दिलं होतं. फोर्ट वेनला तर पहारेकऱ्यांनी दोन बरगड्याही मोडल्या. बाकीचे कारखाने मंदीनं बंद. त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि घरात तीन मुली बटाट्याच्या साली खात होत्या.

"अगं डेलिया," एका रविवारी प्रार्थनेहून परत आल्यावर तो म्हणाला, "बोटं उगवत नाहीत. पण तोडता येतात की."

"डोकं तोड. त्याचा तसाही उपयोग नाही तुला."

"यादीत दोन लिहिलीत. तीन नसली तर मी तो नव्हेच."

मी भांडले, रडले, बशी फोडली. मग मुलींना खालच्या मजल्यावर गॅफनीबाईंकडे सोडून आले.

आधी त्यानं स्वतःच करून पाहिलं. सुरा दोनदा उचलला आणि दोन्ही वेळा टेबलात रोवला. "हात ऐकत नाही गं माझा," तो म्हणाला. चेहरा पिठासारखा पांढरा. आता शिकागोच्या कत्तलखान्यात मी सहा वर्षं डुकरांचे पाय सोलले होते. सांधा कुठे असतो हे मला डोळे मिटून कळतं. मी सुरा दगडावर इतका घासला की केस धरला तर तुटावा. कॉर्नीला व्हिस्की पाजली, त्याच्या तोंडात कमरेचा पट्टा दिला, हात लाटायच्या फळीवर धरला आणि मधल्या बोटाच्या मुळाशी एकच घाव घातला.

आवाज फार झाला नाही. रक्त मात्र भिंतीपर्यंत गेलं. तापलेल्या उलथन्यानं जखम डागली, तेव्हा तो पट्टा चावून ओरडला आणि मग माझ्या मांडीवर कोसळला. मला वाटलं, सुटलो.

महिन्यानं जखम भरली. खालचे म्हातारे गॅफनी, ज्यांच्या दोन्ही हातांना मिळून चार बोटं होती, त्यांनी कॉर्नीचा हात खिडकीशी धरून पाहिला आणि हसू लागले.

"कोणत्या डॉक्टरानं केलं रे हे?"

"बायकोनं."

"सुगरण आहे! पण बाई, कडी अशी कापत नाही. कडी चावते. हाड फुटतं, कातडी चुरगळते, शेजारचं बोटही वाकडं होतं. हे तर सणाला कोंबडी कापल्यासारखं दिसतंय."

"मग काय करायचं आता?" कॉर्नीनं विचारलं.

"हातोडा घ्यायचा. तिथेच, वरून दोन ठोके."

कॉर्नी माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नकोस. कापायचं ते एकदा कापलं. ठेचायला मला जमायचं नाही." त्याला कमी दुखावं म्हणूनच तर सुरा एवढा घासला होता.

तो तसाच टोलेडोच्या यार्डात काम मागायला गेला. मीही मागोमाग गेले आणि कुंपणापाशी थांबले. यार्डाचा मुकादम, ट्वोमी नावाचा, स्वतः पूर्वी वाघिणी जोडणारा. त्यानं कॉर्नीचा हात उलटा केला, सुलटा केला.

"दोन बोटं कडीनं खाल्लीत. हे तिसरं कोणी खाल्लं?"

"कडीनंच, साहेब."

"कडीला धार कधीपासून आली?" तो मोठ्यानं हसला आणि पहारेकऱ्यांकडे वळला. "पाहिलंत का, यादीतला पाहुणा आलाय!"

चौघे आले. हातात कुदळीचे दांडे. पहिला फटका गुडघ्यावर बसला, कॉर्नी रुळांत पडला. मग तोंडावर, पाठीवर. मी कुंपणावर चढले, झगा तारेत फाटला, एकाच्या मानेला दातांनी धरलं तर त्यानं मला केसांनी ओढून राखेत फेकलं. तिथूनच मला दिसलं. एक जाडा पहारेकरी कॉर्नीच्या डाव्या हातावर उभा राहिला. हात रुळावर होता. त्यानं टाच उचलली आणि खाली आणली, उचलली आणि खाली आणली. टाचेखाली करकर वाजत होतं.

"आता कर हा हात वर संपाच्या सभेत," तो म्हणाला.

हात सहा आठवडे सुजलेला होता. पू झाला, ताप चढला, मी दिवसातून चारदा मिठाच्या पाण्यानं धुतला. सूज उतरली तेव्हा उरलेलं बोट बाहेरच्या बाजूला वाकलं होतं आणि माझ्या त्या सुबक घावाची खूण कुठेच राहिली नव्हती. सगळी कातडी चुरगळलेली, गॅफनी म्हणाले होते अगदी तश्शी.

शरद लागता लागता तो काम मागायला सँडस्कीच्या यार्डात गेला. तिथला मुकादम वेगळा, यादी तीच. संध्याकाळच्या आत परत आला तो जिना धावत चढत.

"डेलिया! सोमवारपासून ये म्हणाला!"

"काय विचारलं त्यानं?"

"किती वर्षं केलंस हे काम, म्हणाला. मी म्हटलं, बारा. त्यानं हात पाहिला आणि म्हणाला, दिसतंय." कॉर्नी हसत होता, पुढचे दोन दात नसलेल्या तोंडानं. "त्या जाड्याला एकदा बिअर पाजायला हवी गं!"

मी त्याच्या थोबाडीत मारली. चौदा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच, आणि जोरात. मुली टेबलाखाली दडल्या. तो गाल धरून उभा राहिला, हसणं विसरून.

"आता काय केलं मी?"

"काही नाही," मी म्हटलं. "बस. सूप गार होतंय."