तीनदा वाजला म्हणजे

भेंडीला पाणी कधी घालायचं, यावरून अण्णा आणि शोभाबाईंचं रोज वाजायचं. अण्णांचं म्हणणं, झाड तहानलं की त्याला वेळकाळ कसला. शोभाबाईंचं म्हणणं, शुगर लँडचं ऊन आपल्या उन्हासारखं नाही, ते अंगाला चिकटून बसतं. कलल्याशिवाय बाहेर पाय टाकायचा नाही. दोघंही बार्शीकडचे, जन्म रानात गेलेला. मुलगा संजय इथं अमेरिकेत, टेक्सासला तेलाच्या कंपनीत इंजिनिअर. त्याच्या घरामागचं गवत उकरून अण्णांनी वाफे पाडले, तेव्हा खाली काळी, चिकट, भेगाळणारी माती निघाली.

"आपलीच हाय की ही," म्हणत अण्णांनी ढेकूळ नाकाशी धरलं होतं. तेव्हापासून त्यांचं मन घरात लागेना.

शोभाबाईंच्या कमरेच्या पिशवीत फोन असायचा. तो त्यांनी स्वतः निवडला होता. दुकानात संजय महागड्या फोनांपुढे घुटमळत होता, तोवर त्यांनी खाली लटकवलेला सगळ्यात स्वस्त प्रीपेड फोन काढून सामानात टाकला. याचा कॅमेरा काही बरा नाही, असं सून प्रतिमा म्हणाली.

"मला काय त्यात बघून कुकू लावायचंय?" शोभाबाई म्हणाल्या.

फोन गुणाचा निघाला. अक्षरं मोठी. एकदा चार्ज केला की दोन दिवस बघायला नको. टॉर्च असा, की पानांखालच्या गोगलगायी सापडाव्यात. आणि स्पीकर तर असा, की गावाकडून भाऊ बोलायला लागला की कुंपणापलीकडच्या नीलांबरीला त्याच्या म्हशीची तब्येत कळायची.

महिन्याला एकदा भरलं की बोलणं कितीही, हे संजयनं समजावून सांगितलं होतं. पण शोभाबाईंचा संसार मिस्ड कॉलवर चाललेला. गावी अण्णा रानात, त्या घरी. एकदा वाजवून कापला म्हणजे सगळं बरं आहे, जेवण तयार आहे. दोनदा वाजवला म्हणजे लाईट आली, मोटार चालू करा. तीनदा वाजवला म्हणजे हातातलं टाकून घरी या. फोन कुणी उचलायचा नाही. उचलला की शिव्या. संजय पुण्याला शिकायला होता तेव्हा तोही रोज एकदा वाजवायचा, आणि मगच इकडे चूल विझायची.

तीच रीत त्यांनी इथं चालू ठेवली. अण्णा जेवले की संजयला एक मिस्ड कॉल. आन्या, नात, शाळेतून आली की एक. संजय वैतागला.

"आई, मीटिंगमध्ये वाजतो गं. लोक बघतात. काही असेल तर कॉल कर ना सरळ, अनलिमिटेड आहे."

"बोलायला काय हाय? कळलं म्हंजे झालं."

पुढे त्याची तक्रार थांबली. पोरगं समजलं, असं शोभाबाईंना वाटलं.

जुलैतल्या एका दुपारी घरात दोघंच होते; त्यांचा डोळा लागला आणि अण्णा पाण्याची नळी घेऊन बाहेर गेले. जाग आली तेव्हा नळी वाहत होती आणि अण्णा भेंडीच्या वाफ्यात आडवे. अंग तव्यासारखं, बोलणं बरळल्यासारखं. शोभाबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, नळी त्यांच्या अंगावर धरली आणि दुसऱ्या हातानं संजयला फोन लावला. वाजवला, कापला. पुन्हा. पुन्हा. तीनदा. मग थांबल्या, कारण तीनदा वाजल्यावर माणूस निघतंच. फोन परत आला नाही, म्हणजे निघालाच असणार. थोड्या वेळानं पुन्हा तीनदा. कुणी आलं नाही.

नीलांबरी कढीपत्ता मागायला आली म्हणून निभावलं. तिनं ॲम्ब्युलन्स बोलावली. अण्णा वाचले. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये प्रतिमानं संजयला विचारलं, आईंनी फोन केला नव्हता का.

"मला लागलाच नाही. त्या स्वस्तातल्या फोनला रेंजच नसते यार," संजय म्हणाला.

शोभाबाई मागेच बसल्या होत्या. फोन आपणच निवडला होता. त्यांची मान जी खाली गेली, ती अण्णा घरी आले तरी वर आली नाही. अण्णांना औषध देताना त्या त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. देवळात बायका अण्णांची चौकशी करायच्या, तेव्हा फोन असलेली पिशवी त्या पदराखाली झाकायच्या. पुढे तो त्यांनी पिठाच्या डब्यामागे सारून दिला.

शनिवारी सकाळी त्या अण्णांसाठी पेज करत होत्या. संजय अंघोळीला गेला होता, त्याचा फोन ओट्यावर पडलेला. दुकानातून प्रतिमाचा फोन आला, खणखणून वाजला, वाजून थांबला. शोभाबाईंना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी डब्यामागून आपला फोन काढला आणि घरातल्या घरात तरी रेंज लागते का, म्हणून संजयला लावला.

त्यांच्या कानात घंटी वाजत होती. ओट्यावरचा फोन उजळला. त्यावर त्यांचाच फोटो आला, डोक्यावर पदर घेतलेला. फोन मात्र मुका.

आन्यानं वाकून पाहिलं. "आजी, यू आर ऑन सायलेंट. ओन्ली यू." मग तिनं हात पुढे केला. "आय कॅन फिक्स इट."

"ऱ्हाऊ दे. बापाच्या फोनला हात लावू नगंस," शोभाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन कापला. पेज खाली लागली होती.

संध्याकाळी नीलांबरी अण्णांना बघायला आली. संजयनं आईसाठी आणलेला नवा, महागाचा फोन खोक्यासकट टेबलावर ठेवला होता. तो नीलांबरीला पुन्हा तेच सांगू लागला, की रेंज असती तर त्या दिवशी मी तासाभरात...

"फोनचा दोष न्हाई," शोभाबाई मधेच म्हणाल्या. "म्याच घाबरले, ताई. वाजवायची आन् कापायची जुनी खोड. धरून ठिवला असता तर लागला असता."

"होतं काकू असं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका," नीलांबरी म्हणाली.

"सकाळी वट्यावर लावून बघितला म्या. रेंज हाय. ह्येचा फोन लागतोय, उजेड बी पडतोय." त्यांनी संजयकडे पाहिलं नाही. "त्यो खोका परत दिऊन ये. माझा चांगलाय."

संजयचा हात खोक्यावर होता तो तिथंच राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं चहा केला, नीलांबरीला दारापर्यंत सोडलं, अण्णांच्या पायाशी बसला. पण आईच्या बाजूला मान म्हणून वळवली नाही.

सोमवारी तो ऑफिसला गेला. अण्णा सावलीत खुर्चीवर बसून जेवले. शोभाबाईंनी फोन हातात घेतला, जरा थांबल्या, मग एकदा वाजवला. कापायच्या आतच पलीकडून उचलला गेला. मागे माणसांचा आवाज येत होता. कुणीतरी इंग्रजीत बोलता बोलता थांबलं.

"आई? काय झालं?"

"उचलतोस कशाला? एकदा वाजला की सगळं बरं असतंय."

"हो," संजय म्हणाला.

त्यानं ठेवला नाही. त्यांनीही कापला नाही. बोलणं कितीही केलं तरी चालणार होतं.