तांब्याच्या पानातलं भोक

गंगाधर तावड्यांनी चष्मा काढून खिशात टाकला, तांब्याचं पान उजव्या डोळ्याला लावलं आणि पंचांगातली बारीक अक्षरं घडाघडा वाचून दाखवली. लोअर परळच्या त्या चाळीच्या पटांगणात क्षणभर कुणी खोकलंसुद्धा नाही. तावड्यांचा जाड भिंगांचा चष्मा गिरणी चालू होती तेव्हापासून सगळ्या चाळीला ठाऊक होता. तो नसला तर त्यांना दारात उभा राहिलेला सख्खा जावई ओळखू येत नसे. ते तावडे आता उभ्या उभ्या राहुकाळ वाचत होते. मग टाळ्या झाल्या, गजर झाला आणि मांडवात अशी रेटारेटी उडाली की पुढच्या रांगेतल्या खुर्च्या आडव्या झाल्या.

व्यासपीठावर दृष्टीनाथ महाराज बसले होते. पांढरी रेशमी कफनी, कपाळभर भस्म, आणि डोक्यावर नि दोन्ही बाजूंना सिनेमाच्या शूटिंगला लावतात तसले मोठाले दिवे. कफनीवर तो उजेड असा पडायचा, की महाराजांच्या अंगातूनच तेज निघतंय असं लांबून वाटावं.

“विज्ञान जिथं हात टेकतं,” महाराज माइकमध्ये म्हणाले, “तिथून आमचं तांबं सुरू होतं. तांब्यात सूर्य आहे. सूर्यात तेज आहे. तेजात दृष्टी आहे. आहे की नाही?”

“आहे,” मांडव म्हणाला.

सूर्य तांब्यात नेमका कुठल्या बाजूने शिरला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. पानाच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं एक भोक होतं आणि त्याला महाराज ‘तिसरा नेत्र’ म्हणत. पान फुकट होतं. ते गळ्यात अडकवायचा मंतरलेला दोरा तेवढा विकत घ्यावा लागे, आणि दोऱ्याशिवाय पान लागू पडत नाही असं महाराज आवर्जून सांगत.

गर्दीत दमयंती उभी होती, कडेवर चार वर्षांची ओवी. दमयंती माझगावच्या कोळीवाड्यातली. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून मासळी उचलायची आणि बाजारात पाटी मांडून बसायची. नवरा लहू बोटीवर, बरेच दिवस समुद्रातच. बाजारात तिला फसवणारा अजून जन्माला यायचा होता. मासळी ताजी की शिळी हे कल्ले उघडायच्या आधी ती नुसत्या डोळ्यांवरून सांगायची; भरीव, लखलखीत डोळा ताजा, गढूळ आणि आत बसलेला डोळा शिळा. अशी ही खमकी बाई मांडवात आली ती दूधखुळी होती म्हणून नव्हे. पोरीच्या डोळ्यांचं काहीतरी बिनसलंय या भीतीने तिची झोप उडाली होती, आणि घाबरलेला माणूस कुठल्याही रांगेत उभा राहतो.

झालं होतं असं, की ओवीला गोवर निघाला. गोवर निघाला म्हणजे घरी देवी आली, हे दमयंतीने आईकडून ऐकलं होतं, तिच्या आईने तिच्या आईकडून. तिने दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला. घरात फोडणी बंद, तळण बंद, मासळी शिजवणं बंद. बाहेरच्या माणसाने उंबरा ओलांडायचा नाही. नेमक्या त्याच दिवसांत परळच्या एका धर्मादाय नेत्रकेंद्रातली प्रिती ‘अ’ जीवनसत्त्वाचं औषध घेऊन कोळीवाड्यात घरोघर फिरत होती. हे केंद्र वस्त्यावस्त्यांतल्या लहान मुलांना औषध आणि खाऊ देतं, डोळे तपासतं, आणि त्याबद्दल कुणाकडून काही घेत नाही. दोरासुद्धा विकत नाही.

“ताई, गोवर आलेल्या मुलांना तर हे आधी द्यायला हवं,” प्रिती दाराबाहेरून म्हणाली. “चमचाभरच आहे. मी आत येत नाही, इथूनच देते.”

“देवी हाय घरात,” दमयंतीने दार लोटून घेत सांगितलं. “बाहेरचं काय चालत नाय. मागनं ये.”

प्रिती पुन्हा आली, दार पुन्हा लोटलं गेलं. गोवर ओसरला, पण पोर सावरली नाही. हगवण लागली, खोकला धरला, हातपाय वाळून काटक्या झाले. आणि मग दिवेलागणीला ती घरात धडपडायला लागली. मधे ठेवलेल्या पाटीला अडखळायची, पाण्याचा पेला शोधायला लादी चाचपायची. शेजारणीने ते पाहिलं आणि दृष्टीनाथांचं नाव सुचवलं.

ओवीचा नंबर आला. “सोड तिला खाली,” महाराज म्हणाले आणि त्यांनी पेढा पुढे धरला. “ये, बाळ.”

ओवी त्या झगझगीत उजेडात सरळ चालत गेली आणि तिने पेढा उचलला. न अडखळता, न चाचपता. दमयंतीला हुंदका आवरेना.

“घरात दिसत नाय तिला, महाराज. आणि हितं दिसतं.”

“म्हणजे दोष डोळ्यांत नाही, माते. दोष घरात आहे.” महाराजांनी डोळे मिटून घेतले. “इथे आमचं तेज आहे, म्हणून दिसतं. घरात बाधा आहे, म्हणून दिसत नाही. गोवरातली उष्णता डोळ्यांत अडकली आहे. मासळी, अंडं, पालेभाजी, पपई, सगळं बंद. फक्त पेज द्यायची. डोळ्यांत आमचं तीर्थ घालायचं. आणि दर गुरुवारी दर्शन.”

दिसलं तर महाराजांची कृपा, नाही दिसलं तर घरची बाधा. असा बंदोबस्त केलेला माणूस चुकणार तरी कसा?

कोळ्याच्या घरात पोर पेजेवर राहिली. “आये, मना बोंबील,” असं ओवी म्हणायची, आणि दमयंती पाटीवर ओलं गोणपाट ओढायची. जे खाल्ल्याने डोळे वाचले असते ते त्या गोणपाटाखाली झाकलेलं होतं, आणि रोज विकलं जात होतं. ओवीच्या डोळ्यातल्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा डाग आला. रडताना तिच्या डोळ्यांतून पाणी येईनासं झालं. दमयंतीने हे गुरुवारी सांगितलं तेव्हा महाराज प्रसन्न हसले. “बाधा बाहेर पडते आहे,” ते म्हणाले.

त्यानंतर एका सकाळी, बाजाराला निघताना, दमयंतीने ओवीला उठवलं. पोरगी डोळे उघडेना. दमयंतीने बोटांनी पापण्या अलगद सोडवल्या.

डावा डोळा गढूळ होता आणि आत बसला होता. असे डोळे तिने जन्मभर पाटीतून बाजूला काढून टाकले होते. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही. पाटी तिथेच टाकून, पोरीला छातीशी धरून, ती परळच्या नेत्रकेंद्राकडे धावत सुटली.

डॉक्टर सरोजिनी कर्णिकांनी ओवीला पाहिलं आणि आधी औषधाचा डोस तिच्या तोंडात घातला. बोलल्या त्यानंतर. त्या फार गोड बोलणाऱ्या बाई नव्हत्या.

“डावा गेला,” त्या म्हणाल्या. “बुबुळ विरघळलंय. उजवा कोरडा पडलाय, पण अजून शाबूत आहे. तो वाचवायची खटपट करू. आज इथेच राहायचं.”

दमयंती खाली बसली. “पण महाराजांच्या मांडवात तिला दिसत होतं, बाई. सरळ चालत जाऊन पेढा उचलला तिनं. म्या माझ्या डोळ्यांनी बगितलं.”

“मांडवात दिवे किती मोठे होते?”

“लय मोठे. डोळं दिपतात.”

“शरीरातलं ‘अ’ जीवनसत्त्व संपत आलं की आधी कमी उजेडात दिसेनासं होतं. भरपूर उजेडात अशी मुलं तुमच्याआमच्यासारखी चालतात. तुमच्या महाराजांनी फक्त दिवे लावले. दुपारी बारा वाजता रस्त्यावर उभी केली असती तरी ती पेढ्यापर्यंत गेली असती. गोवरात हे जीवनसत्त्व झपाट्याने संपतं. तेव्हा ते मुलाला जास्त लागतं, आणि आपण नेमकं तेव्हा त्याचं खाणं तोडतो. तुमच्या पाटीतल्या मुशी माशाच्या काळजात, म्हणजे यकृतात, ते भरलेलं असतं.”

दमयंतीने गळ्यातलं पान काढून टेबलावर ठेवलं. “आणि हे? ह्यातनं म्हाताऱ्यांना वाचाया येतं. ते तरी खरं ना?”

सरोजिनीबाईंनी खणातून एक काळी चकती काढली. तिच्यातही बारीक भोकं होती. “ही आमची. डोळे तपासताना रोज वापरतो. चष्म्याचा नंबर असला की डोळ्यात शिरलेला उजेड पसरतो, म्हणून अंधूक दिसतं. बारीक भोक पसरणारा उजेड अडवतं आणि सरळ येणारा तेवढा आत सोडतं, म्हणून अक्षर स्पष्ट होतं. पान खाली केलं की पुन्हा अंधूक. नंबर तिथल्या तिथेच राहतो. यात तांब्याचा काही संबंध नाही.” त्यांनी औषधाच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्याला सुईने भोक पाडलं आणि तिच्या हातात दिला. “भोकातून उजेड थोडाच जातो, म्हणून बाहेर तो भरपूर लागतो. ते दिवे त्यासाठी आहेत.”

एकाच दिव्याने म्हाताऱ्याला वाचायला लावलं होतं आणि पोरीला चालायला लावलं होतं. दमयंती त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिली. ती रडली नाही, आणि बाजूला उभ्या असलेल्या प्रितीला तेच जास्त भयंकर वाटलं.

उजवा डोळा वाचला. पुढे एका गुरुवारी दिवेलागणीला दमयंती मांडवात गेली, कडेवर ओवी, डाव्या डोळ्यावर पट्टी. सोबत सरोजिनीबाई आणि प्रिती. सरोजिनीबाईंनी सभ्यपणे माइक मागितला. कुणीतरी तो सभ्यपणे बंद केला.

दमयंतीला माइक लागत नव्हता. गजबजलेल्या बाजारात गिऱ्हाईक थांबवणारा तिचा आवाज चाळीच्या चारी माळ्यांवर पोचला.

“तावडेकाका, पान ऱ्हाऊ द्या. हे डोळ्याला लावा.”

गंगाधर तावडे पुढे आले. त्यांनी औषधाच्या खोक्याचा तो पुठ्ठा हातात घेतला, उलटा करून पाहिला, डोळ्याला लावला आणि पंचांग उघडलं. अक्षरं तशीच स्पष्ट दिसली. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि मधेच आवाज खाली आला.

“पुठ्ठ्यातसुद्धा आमचंच तेज उतरलं,” महाराज चटकन म्हणाले. “श्रद्धा असेल तर कागदसुद्धा तांबं होतो, भक्तहो.”

“मंग दिवे बंद करा,” दमयंती म्हणाली. “तुमचं तेज हाय ना? त्यात वाचू आम्ही.”

महाराजांचे चेले पुढे सरकले. पण दिव्यांची वायर तावड्यांच्याच खोलीतून आली होती. पुण्यकर्म म्हणून त्यांनी स्वतः जोडून दिली होती. तावडे आत गेले आणि त्यांनी बटण खाली केलं.

पटांगणात संध्याकाळचा करडा उजेड उरला. लोकांनी आपापली पानं डोळ्यांना लावली. कुणालाच काही दिसेना. महाराजांचं तेज कुठे गेलं ते त्यांनाही सांगता येईना. त्यांनी मदतीला कुणाला तरी बोलवायला मोबाइल काढला, हात पुरेल तेवढा लांब धरला, डोळे बारीक केले, तरी नाव सापडेना. गळ्यातलं स्वतःचं पान डोळ्याला लावायची त्यांना आठवण झाली नाही. पहिल्यांदा चाळीतली पोरं हसली, मग मोठी माणसं.

दमयंती हसली नाही. तिने ओवीच्या डोळ्यावरची पट्टी सोडली आणि पोरीला पहिल्या रांगेसमोर धरलं. हसू विरलं.

“हिला हितं दिसत होतं,” ती म्हणाली. “हितंच.”

महाराज त्या मांडवातून उठले. गोष्टीत असायला हवा तसा शेवट असता तर त्यांचा धंदाच उठला असता, पण काही दिवसांनी दुसऱ्या उपनगरात दुसऱ्या नावाने पानं वाटली जात असल्याचं कानावर आलं, आणि तिथेही दोरा विकतच होता. अशी माणसं तुमच्याआमच्या अडाणीपणावर जगत नाहीत, तुमच्याआमच्या भीतीवर जगतात. शिकलेली माणसंही घाबरतात, तेव्हा तीही त्याच रांगेत दिसतात. तेव्हा चमत्कार दिसला की नमस्कार करायच्या आधी दिवा कुठे लावलाय ते बघा. मूल अंधारात अडखळू लागलं तर डॉक्टरकडे जा, त्याच दिवशी जा. याहून मोठं शहाणपण आमच्याकडे नाही.

दमयंती आता बाजार आटोपला की प्रितीबरोबर वस्तीत फिरते. ओवी सोबत असते. उजव्या डोळ्याने सगळं बघते, डाव्यात पांढरा डाग आहे. परवा एका दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधलेला दिसला. दमयंतीने कडी वाजवली.

“गोवर हाय घरात,” आतून एक म्हातारी म्हणाली. “बाहेरचं चालत नाय. मागनं या.”

प्रितीने दमयंतीकडे पाहिलं. हे शब्द तिने आधी ऐकले होते. दमयंतीने ओवीला कडेवर घेतलं आणि दाराच्या फटीसमोर तिचा चेहरा आणला.

“म्या पण असंच बोलले होते, आजी. हिच्याकडं बगा,” ती म्हणाली. “डहाळा ऱ्हाऊ दे तसाच. दार तेवढं उघडा.”

आत पावलं दाराशी आली. मग कडी निघाल्याचा आवाज आला.