कडी खालून

मोतीरामाचं डोकं असं तापलं होतं, की वरून पाणी ओतलं असतं तर चर्र झालं असतं.

खामगावच्या चांदीबाजारात तीस वर्षं दागिन्यांच्या कड्या झाळल्या त्यानं. एक कडी कुणी परत आणली नव्हती. आणि आज साखरखेर्ड्याच्या भर मांडवात, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली म्हणून वाटलेली, त्यानंच घडवलेली साठ पदकं साठ छात्यांवर उलटी लोंबत होती. महाराजांची दाढी वर, जिरेटोप खाली! लोक खवळले. तशी उत्सव समितीच्या अध्यक्षांनी, अर्जुनरावांनी, माईकवरून खुशाल सांगून टाकलं, की महाराजांचा हा अपमान त्या खामगावच्या सोनारानं केला.

वा रे न्याय! महिन्यामागे नमुना घेऊन मोतीराम याच माणसाकडे गेला होता. पदक जिच्यावर लोंबतं ती कडी टोपाच्या वर, असते तिथेच. अर्जुनरावांनी तो आपल्या कोटाला टाचला, मान खाली घालून पाहिलं आणि भडकले. म्हणे महाराज उलटे दिसतात. समोरच्याला सरळ दिसतात हो, असं मोतीरामानं दोनदा सांगितलं. त्यावर, कडी खालून लाव, नाहीतर काम दुसऱ्याला देतो, असा दम मिळाला. तेव्हा तो गप्प बसला. त्या गप्प बसण्याचीच त्याला आता सगळ्यात जास्त चीड येत होती. उद्या बाजारात त्याच्या हातात चांदी देणार कोण?

गर्दी रेटत तो स्टेजवर चढला. अर्जुनरावांच्या कोटावरही पदक होतंच.

"अर्जुनराव, लोकायचं राहू द्या. तुमच्या छातीवरचे महाराज पाहा, अन् माईकवर सांगा, सरळ हायेत का उलटे."

अर्जुनरावांनी मान खाली घातली. चेहरा एकदम खुलला.

"माह्ये तर सरळच हायेत," ते माईकवर म्हणाले.

समोर बसलेल्या साऱ्या गावाला टोप खाली दिसत होता. मग मागून बाया हसायला लागल्या, आणि ते हसू पार पुढच्या रांगेपर्यंत आलं.

मोतीराम हसला नाही. त्यानं खांद्यावरचं उपरणं स्टेजवर पसरलं आणि पदकं त्यात टाका, उद्या सरळ करून आणतो, असं लोकांना सांगितलं. अर्जुनरावही घाईघाईनं आपली पिन काढायला लागले.

मोतीरामानं त्यांचा हात धरला. "तुमचं नाही. तुमाले सरळ दिसते ना? मग राहू द्या तसंच."