आडवी बाज

मी बाज आहे, सुंभाने विणलेली खाट. बुऱ्हाणपुरात, इतवाऱ्याच्या एका गल्लीत मी रस्त्यात आडवी पडलेली असते. तुम्ही गाडीवरून येता, मला बघून करकचून ब्रेक दाबता आणि माझ्या आईबहिणीचा उद्धार करता. मला आई नाही, बहीण नाही. बाभळीचं लाकूड आहे मी. पण तुमच्या शिव्या ऐकून ऐकून किटले. आज तुम्ही ऐका.

धूलकोटला माझ्या मालकिणीच्या, आशाबाईच्या, बापाच्या बांधावर एक बाभूळ होती. लेकीचं लग्न ठरलं तशी त्याने ती पाडली, सुताराकडून माझे पाय घडवले आणि सुंभ स्वतः बसून विणलं. ट्रॉलीत हंड्या-भांड्यांवर मला उलटी बांधली, आणि नवरीच्या आधी मीच सासरी पोचले.

त्या घरात आशाबाईची पोरं माझ्यावर झाली. तिच्या सासूला शेवटच्या घटकेला माझ्यावरूनच खाली घेतलं. उन्हाळ्यात माझ्यावर कुरडया वाळल्या, पाहुणे घोरले. झोपलेला माणूस फार बरा दिसतो, हे मी जवळून बघितलंय. तोच उठून गाडीवर बसला की बघवत नाही.

मग घरात दिवाण आला, त्यावर फोमची गादी आली. मला अंगणात भिंतीला उभी करून ठेवलं. मांजर माझ्यावर नखं घासायची. सुंभ सैल पडलं. मला वाटलं, आता एखाद्या थंडीत शेकोटीत जाणार. तसं झालं नाही. तुमच्या कृपेने.

आशाबाईचा नवरा वामन. त्याची सारी उमर पावरलूमवर गेली. लूमच्या खडखडाटात कोणाला कोणाचं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं हाताने बोलतात. वामनचे कान तिथेच राहिले, तो हातवारे घेऊन घरी आला. चहा पाहिजे तर मूठ ओठाशी नेतो, भाजी खारट झाली तर दोन बोटं झटकतो. समोरच्या ओट्यावर त्याचे लूमचे जुने सोबती बसतात. सकाळ-संध्याकाळ गल्ली ओलांडून तो तिथे जातो. त्याच्या आयुष्यात आता एवढंच उरलंय. हे घर, तो ओटा आणि मधली गल्ली.

त्या मधल्या गल्लीचा तुम्ही घास केला. बाजारात गर्दी झाली की आमच्या गल्लीतून घुसायचं आणि सूं करून मोठ्या रस्त्याला लागायचं. लोकांच्या दारात चपला असतात, पोरं असतात, पाटावर बसलेली म्हातारी असते. तुम्हाला काही दिसत नाही. तुम्हाला एकच येतं, हॉर्न. अंगठा हॉर्नवर ठेवला की तुमचं पाप फिटलं. समोरचा बाजूला झाला नाही तर चूक त्याची.

असाच एकजण वामनला उडवून गेला. मनगट मोडलं त्याचं. त्या पोराने गाडी उचलली, आधी आरसा फुटला का ते बघितलं, मग म्हणाला, "काका, हॉर्न तो दिया था." वामन खाली बसून त्याच्या ओठांकडे बघत होता. काय बोलतो ते कळेना, म्हणून बिचारा हसला. मला थुंकता येत असतं तर मी त्या दिवशी थुंकले असते.

आशाबाई पार्षदाकडे, म्हणजे नगरसेवकाकडे गेली. त्यांनी हात जोडले, ब्रेकर टाकून दिला. मग पाइपलाइनवाले आले, त्यांनी गल्ली खोदली, त्यात ब्रेकर गेला. खड्डा बुजवला, ब्रेकर कोणी परत टाकला नाही. तेव्हा आशाबाईने अंगणातून मला ओढलं, सुंभ ताणून बांधलं आणि अर्धी गल्ली अडेल अशी मला आडवी टाकली. शेजारच्या शारदाने चार दारं पुढे, उलट्या अंगाला, आपली लोखंडी नवारीची बाज टाकली. आता गाडीवाल्याला नागासारखं वळून, सावकाश जावं लागे. लांबून दिसावी म्हणून आशाबाईने माझ्यावर आपला लाल परकर बांधला. पोरं खिदळायची, "मौसी का झंडा" म्हणायची. पण हळू व्हायची. आजाऱ्याची गाडी आली तर दोन बायका मला धरून लगेच बाजूला घेत. बाकी कोणासाठी मी हलायचं नाही, असं सगळ्या बायकांचं ठरलं होतं.

वामन रमत-गमत गल्ली ओलांडायला लागला. मधेच थांबून पोरांच्या पतंगाकडे बघायचा. ते बघून मला वाटायचं, शेकोटीत गेले नाही ते बरं झालं.

आणि मग आखाजी आली, तुमची अक्षय तृतीया. आखाजीला लेकी माहेरी येतात. लेकींना सोडायला जावई येतात. इथे आमच्या बायकांचं डोकं फिरलं. जावयाने सासरच्या गल्लीत बाजेपुढे गाडी थांबवायची म्हणजे काय? त्याचा मान राहिला कुठे? शारदा तर म्हणाली, जावयाच्या वाटेत बाज आडवी असणं अपशकुन आहे. कोणत्या पोथीत लिहिलंय ते तिलाच ठाऊक. आशाबाई एकटी नको म्हणत होती. बाकीच्यांनी ठरवून टाकलं की जावयाने कोपऱ्यावरून लांब हॉर्न द्यायचा, तो ऐकला की बाज उचलायची.

म्हणजे बघा. ज्या हॉर्नने वामनचं मनगट मोडलं, त्याच हॉर्नला यांनी आमच्या गल्लीची किल्ली करून दिली. शहाण्यासुरत्या बायका. लेकरांच्या पायांची काळजी करणाऱ्या. जावई म्हटलं की सगळ्यांची अक्कल चुलीत.

शारदाचा जावई रितेश. केळीच्या गाड्या भरून दिल्लीकडे लावायचं त्याचं काम, सदा घाईत. बायको मृणालला मागे बसवून तो आला आणि कोपऱ्यावरून हॉर्न दिला. शारदा पदर सावरत धावली, तिने आपली बाज बाजूला केली, मग दुसऱ्या एकीला घेऊन माझ्याकडे आली. दोघींनी मला अर्धी उचलली असेल नसेल. त्याने वेग कमी केलाच नव्हता. कशाला करेल? वाट मोकळी मिळणार हे त्याला सांगून ठेवलेलं. आणि वामन नेमका ओट्यावरून घराकडे निघाला होता.

मृणाल ओरडली. रितेशने गाडी झटकन वळवली, ती माझ्यावर आदळली. माझा एक पाय मोडला. मी फिरून वामनच्या पोटरीवर बसले आणि तो नालीत पडला. गाडी त्याच्यापर्यंत पोचली नाही. मधे मी होते.

पुढचं सांगताना मला शिसारी येते. सगळी गल्ली जावयाकडे धावली. कोणी साखरेचं पाणी आणलं, कोणी हळद. कोणी त्याच्या पँटवरची धूळ झटकली. रितेश म्हणत होता, "मैंने हॉर्न दिया था ना, मम्मी? दिया था ना?" आणि शारदा म्हणत होती, हो हो, दिला होता, मी ऐकला. वामनला नालीतून एकट्या आशाबाईने काढला. त्याच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं आणि तो हाताने तिला विचारत होता, काय झालं? काय झालं?

आशाबाईने त्याला ओट्यावर बसवलं. मग माझ्या मोडक्या पायाच्या जागी विटा रचल्या आणि मला परत जागेवर टाकली. शारदाकडे बघून ती शांतपणे बोलली. "तुझा जावई आहे, शारदे. माझा नवरा आहे. आता ही कोणासाठी उचलायची नाही."

शारदा म्हणाली, "सणासुदीचं असं बोलायचं नसतं, माय."

"मग सणासुदीचं मारायचं असतं का?"

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. शारदाने आपली बाज आत नेली. बाकीच्या बायका दारातून बघायच्या, पुढे कोणी यायचं नाही. मी एकटी अर्धी गल्ली अडवून बसले, आणि तुम्ही उरलेल्या अर्ध्यातून, जमलं तर, तसेच सुसाट. वामनने ओट्यावर जाणं सोडलं. उंबऱ्यात बसायचा आणि पलीकडच्या सोबत्यांशी हाताने बोलायचा. मग हात दुखले की आत जायचा.

आखाजी सरली. रितेश मृणालला न्यायला आला. कोपऱ्यावरून तोच हॉर्न. आशाबाई बाहेर आली आणि माझ्यावर बसली. विटा करकरल्या. शारदा घरातून आली, हात जोडायला लागली. चारचौघात जावयाचा पाणउतारा नको, लेकीला तिकडे ऐकावं लागेल. आशाबाई हलली नाही.

तेवढ्यात मृणाल पिशवी घेऊन बाहेर आली. मला वाटलं, ही आता रडेल. ती आईला ओलांडून पुढे गेली, त्यांच्या घरातली नवारीची बाज एकटीने फरफटत आणली आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीत लावून टाकली. मग तिच्यावर बसली, मांडीवर पिशवी घेऊन.

रितेश जवळ येऊन थांबला. इंजिन तसंच चालू. म्हणाला, "ये क्या नाटक है?"

मृणाल म्हणाली, "गाडी बंद करा. उतरून ढकलत आणा. मी मागे बसले होते त्या दिवशी, वामनकाकांचं तोंड मी बघितलंय. तुम्ही नाही उतरला तर मी येत नाही."

गल्लीतलं प्रत्येक दार उघडं होतं. रितेशने सासूकडे बघितलं. शारदा खाली बघत होती. त्याने चावी फिरवली. खाली उतरला. मृणालने बाज थोडी सरकवली, आणि तो सासरच्या दारापर्यंत गाडी ढकलत आला. तोंड असं की एरंडेल प्यालाय.

ते शांत झालेलं बघून वामन उंबऱ्यावरून उठला. भिंतीला हात लावत खाली आला आणि गल्ली ओलांडायला लागला. मधोमध रितेश समोर आला तर थांबला आणि त्याला रामराम केला. जावई ना, गल्लीचा. मला वामनचाही राग आला, खरं सांगते. मग तो ओट्यावर जाऊन बसला आणि त्याचे हात सुरू झाले. पलीकडचे म्हातारे हसायला लागले.

आता माझं ऐकून घ्या. मी तीन पायांची आणि विटांची झालेय. अजून एक धडक बसली की संपले. माझं दुःख नाही, लाकडाचं आयुष्य तेवढंच. पण तुम्ही स्वतःच्या दारापुढे ब्रेकर मागता आणि दुसऱ्याच्या दारापुढून उडत जाता, याची मला घाण वाटते. तुमचा हॉर्न तुमच्यापाशी ठेवा. आमच्या गल्लीत तो ज्याला ऐकू यायला पाहिजे, त्याला ऐकू येत नाही.

उद्या सकाळी मी इथेच आडवी आहे. उतरून जा.