शेजारणीची खोकी

शिंपीकाकांचा सुक्या कचऱ्याचा निळा डबा हल्ली कधी भरतच नसे. पालिकेने तो दिला तेव्हा घरात पाच माणसं होती. रद्दी, बाटल्या, पत्र्याचे डबे, आठवड्याच्या आत गच्च. मग मुलं परगावी गेली, बायको वारली, आणि आता तळाशी थोडी वर्तमानपत्रं अन् एखादी बाटली. गाडी यायच्या दिवशी डबा फाटकाबाहेर ओढताना ती बाटली अशी खडखडायची, की काकांनाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

शेजारी उलटी तऱ्हा. तिथली बाई हॉस्पिटलात नर्स, म्हणून गल्लीत सगळे तिला सिस्टरच म्हणत. दोन लहान मुलं, नवरा जहाजावर नोकरीला. तिच्या डब्याचं झाकण सदा आ वासलेलं. एकदा ती संकोचत म्हणाली, "काका, तुमच्या डब्यात थोडी खोकी टाकली तर चालेल?"

"चालेल काय, पळेल!"

त्या दिवसापासून काकांच्या हाताला काम मिळालं. सिस्टर खोकी तशीच कोंबून जायची. काका ती बाहेर काढून, चिकटपट्टी सोलून, कापडाची घालावी तशी त्यांची घडी घालायचे. बाटल्या विसळायचे, झाकणं वेगळी करायचे. बुटांच्या खोक्यावरून त्यांना कळलं, धाकटीचा पाय वाढलाय. खोकल्याच्या औषधाची बाटली निघाली, तेव्हा त्यांचा जीव खालीवर झाला. दोन दिवस भिंतीला कान लावून होते. विचारायला मात्र गेले नाहीत. विचारणार तरी कसं? तुझा कचरा चाळला म्हणून?

एका सकाळी सिस्टर रात्रपाळी संपवून आली आणि फाटकातच थबकली. काका नळाखाली तिच्या घरचे दूध पावडरचे डबे घासत बसले होते.

"अहो काका, हे काय! मला मेलीला कळायला नको?" काका तोंड उघडायच्या आत ती लाजेने घरात शिरली.

पुढच्याच आठवड्यात तिच्या दारात नवाकोरा मोठा डबा आला. "पालिकेत सांगून मागवला," ती म्हणाली. "सुटलात बाई तुम्ही एकदाचे!"

"छान केलंस," काका म्हणाले.

दुपारभर घर त्यांना खायला उठलं. संध्याकाळी त्यांनी धुतलेला शर्ट घातला आणि शेजारची बेल वाजवली.

"अगं, एक सांगायचं होतं. मला त्याचा त्रास नव्हता. मला... करमायचं त्यात."

सिस्टरने दार सताड उघडलं. आत धाकटी रडत होती, गॅसवर दूध उतू जात होतं. "या ना काका, आत या," ती म्हणाली, पण एक पाय स्वयंपाकघराकडे वळलेलाच होता.

"आता नको, तुझी घाई आहे. येईन कधीतरी."

"नक्की या हं!"

दार लागलं. काका पायरीवरच रेंगाळले. आतलं रडणं हळूहळू थांबलं. सिस्टर मुलीला काहीतरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या. शब्द काही कळत नव्हते. हसू ऐकू येत होतं तोवर ते उभे राहिले, मग चपला ओढत घराकडे वळले.